गुंतवळ

शनिवारी सकाळी बेल वाजली म्हणून बानूने दार उघडलं, तर समोरच्या फ्लॅटमधली अनुराधा उभी होती. तिने टिश्यूपेपरची एक पुडी बानूच्या हातात ठेवली आणि बानू ती उघडायची वाट पाहत राहिली. पुडीला वजन असं नव्हतंच. आत केसांचा गुंता होता, सुपारीएवढा. काळाभोर, राठ, इतका कुरळा की बोट लावल्यावर तो दबला आणि पुन्हा फुगून वर आला. आमच्या छोट्या अथर्वच्या उशीच्या अभ्र्यात सापडला, अनुराधा म्हणाली. आवाज अगदी खाली आणून, जणू कॉरिडॉरमधल्या बंद दारांनाही ऐकू जाऊ नये. मग ती म्हणाली, "भाभी, तुमच्यात हे ओळखणारे कुणी असतात ना? मौलाना वगैरे?" अनुराधा पुण्याची, दुबईत बँकेत मोठ्या हुद्द्यावर, गणपतीसुद्धा सोय म्हणून दीड दिवसाचा बसवणारी. तिच्या तोंडून हे वाक्य आलं तेव्हा तिलाच ते परकं वाटलं असावं. ती भिंतीकडे बघायला लागली. बानूच्या मनात मात्र दुसरंच चाललं होतं. तिच्या मानेमागे, टाळूच्या कडेकडेने, कुणीतरी बोटं फिरवल्यासारखी शिरशिरी उठली होती. कारण ते केस तिचे होते.

मी विचारून सांगते, एवढंच ती बोलली, आणि पुडी घेऊन आत आली. हे बोलणं तिच्या तोंडून इतकं सहज, इतकं शेजारधर्माला धरून बाहेर पडलं की आत येऊन ओट्याशी उभी राहिल्यावर तिला वाटलं, ते आपण बोललोच नाही. खिडकीतून शारजातल्या अल नहदाचे टॉवर दिसत होते, त्यांच्या पलीकडे दुबईच्या हद्दीत अर्धवट राहिलेल्या इमारती, आणि त्यांच्यावर गेल्या दिवाळीपासून एकाच दिशेला तोंड करून थांबलेल्या क्रेन. अनुराधाने जाता जाता सांगितलं होतं की जेनीला, त्यांच्या मोलकरणीला, त्यांनी सकाळपासून स्टोअररूममध्ये बसवून ठेवलंय आणि बाहेरून कडी लावलीय. एजंटला फोन झालाय. तो आला की ठरेल, पोलिसात द्यायचं की काय ते. इथे सिहर, म्हणजे जादूटोणा, हा गुन्हा आहे, तिच्या नवऱ्याने, चारुदत्तने, इंटरनेटवर वाचलं होतं.

जेनीचं खरं नाव झेनेबेच. इथिओपियातल्या कुठल्याशा डोंगराळ गावाची. कपाळावर निळसर गोंदलेला छोटा क्रूस, गळ्यात काळा दोरा. नाव तोंडात बसत नाही म्हणून अनुराधाने पहिल्याच दिवशी तिची जेनी केली होती. अल ऐनमध्ये अरबांच्या घरी ती अरबी शिकली आणि शारजात आल्यावर मोडकं हिंदी. पहिल्या दिवसापासून अथर्व तिचाच झाला होता. चौथं लागलेलं ते गोरं, गुबगुबीत मूल दिवसभर तिच्या कडेवर असायचं. एकदा लिफ्टमध्ये बानूच्या मागे उभी असताना झेनेबेच तिच्या मानेकडे बघत राहिली होती. ओढणी सरकली होती आणि सकाळी केसांवर इस्त्री फिरवताना मानेवरची बारीक लव राहून गेली होती. घामाने तिची कडी कडी झाली होती. "मदाम, ये बाल मेरा जैसा," झेनेबेच म्हणाली. तिने ते कौतुकाने म्हटलं होतं. बानूचे कान मात्र तापले. जन्मभर लोकांनी न बोललेली गोष्ट कुणीतरी लिफ्टमध्ये, सातव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये, सहज बोलून गेलं होतं.

त्या केसांशी तिचं लहानपणापासून भांडण होतं. श्रीवर्धनजवळच्या खाडीकाठच्या गावात तिची आई खोबरेल थापून, दात मोडेपर्यंत फणी ओढून ते चापून बसवायची आणि वर घट्ट ओढणी बांधायची. आपलं घराणं अरबी रक्ताचं, असं गावात सगळे म्हणत. मग हे केस कुठून आले, असं बानूने एकदा विचारलं, तर आईने फणी तिच्या हातात दिली आणि ती उठून गेली. लग्नानंतर इकडे आल्यावर इस्त्री मिळाली. रोज पहाटे, रफिक उठायच्या आधी, मोरीत दार लावून ती केस सरळ करी. रफिकने ते कधी ओले पाहिले नव्हते असं नाही. पण पाहणं वेगळं. टॉवेलमधून सुटलेलं काहीतरी काळं त्याला दिसलं असेल. इतक्या वर्षांत त्याने ते कधी मुठीत धरले नव्हते.

झेनेबेच दुपारी बानूकडे यायला लागली ती अथर्वला घेऊनच. अनुराधा आणि चारुदत्त ऑफिसात, रफिक साइटवर, मुलगी कशफ शाळेत. बानू खाली चटईवर बसायची आणि झेनेबेच सोफ्यावर, तिला गुडघ्यांच्या मध्ये घेऊन. पहिल्या दिवशी तिने केस भिजवले, तेल लावलं, आणि बोटांनी, फणी न लावता, एकेक बट सोडवत गेली. दुखलं नाही. बानूला रडू आलं ते दुखलं नाही म्हणून. कुणाच्या तरी हातांना ते केस माहीत होते. ती बोटं कपाळापासून मागे, शेतात नांगराने तास काढावेत तशा ओळी काढत, बारीक वेण्या घालत जायची, आणि बानूला झोपेसारखं, पाण्याखाली बसल्यासारखं वाटायचं. वर कुणीतरी बोलतंय, वाहनं जाताहेत, पण ते सगळं पाण्याच्या वर. संध्याकाळच्या आत वेण्या सोडायच्या, इस्त्री फिरवायची. निघालेला गुंता झेनेबेच खिशात टाकून न्यायची, रफिकच्या घरात पडू नये म्हणून. बानूनेच तिला तसं सांगितलं होतं. अथर्व तो तिच्या खिशातून काढून गालावर घासत बसे. त्याला त्याची सवयच लागली. एकदा तर तो मुठीत धरून झोपला होता आणि दोघी त्याच्याकडे बघून हसल्या होत्या.

ज्याचे हात आपल्या केसांत असतात त्याच्याशी माणूस काहीही बोलतं. तसंच बानूने तिला जाफरानचं सांगितलं. हे तिने रफिकला सांगितलं नव्हतं, कशफला नाही, कुणालाच नाही. तिला ते फुफीकडून, म्हणजे बापाच्या बहिणीकडून, तुकड्या-तुकड्यांनी कळलं होतं. सुकी मासळी निवडताना, बाळंतिणीच्या खोलीत, पुरुष बाहेर असताना. कंपनी सरकारच्या दिवसांत त्यांच्या घराण्यातला एक नाखुदा गलबत घेऊन मस्कत, झांझिबारपर्यंत जायचा. एका खेपेला खजूर आणि लवंगांबरोबर त्याने एक मुलगी आणली. तिचं नाव काय होतं ते कुणी विचारलं नाही. आणली तेव्हा तिच्या अंगावर पिवळं कापड होतं म्हणून तिला जाफरान म्हणायला लागले. ती पाणी भरायची, भात कांडायची, आणि नाखुद्याच्या बायकोची मुलं सांभाळायची. तिला नाखुद्यापासून एक मुलगा झाला. त्यानंतर दोन पावसाळ्यांत बायकोची दोन मुलं तापाने गेली आणि नाखुद्याचं गलबत परत आलं नाही. मग जाफरानच्या चटईखाली केस सापडले. तिचेच केस, तिच्याच चटईखाली. पण तेवढं पुरलं. गावाने तिचं डोकं भादरलं आणि दगडाने तिचे पुढचे दात पाडले, कारण दात नसले की मंत्र नीट उच्चारता येत नाही, असं सगळ्यांना ठाऊक होतं. तक्रार मामलेदारापर्यंत गेली. गोऱ्या साहेबाचा कायदा नुकताच आला होता की गुलाम ठेवायचे नाहीत. म्हणून ही बाई कुणाची असं त्याने विचारलं तेव्हा सगळे म्हणाले, कुणाचीच नाही. जी कुणाचीच नाही तिच्यासाठी जाब कुणाला विचारणार? मामलेदार निघून गेला. ती पुढे कितीतरी वर्षं माडांच्या पलीकडे, खाजणाच्या कडेला एकटी राहिली. तिचा मुलगा घरात वाढला, बायकोला अम्मा म्हणत. जाफरान कधीकधी कुंपणाशी यायची आणि त्याला हाक मारायची. पण तोंडातून नुसती पुटपुट यायची, ओली, बिनदातांची, आणि बायका पोरांना घेऊन आत पळायच्या. फुफी ती पुटपुट करून दाखवायची. बानूनेही त्या दुपारी झेनेबेचला करून दाखवली. तो मुलगा म्हणजे माझ्या आजोबांचा आजा, ती म्हणाली. मागे केसांतले हात थांबले होते. अथर्व चटईवर बसून बानूच्या तोंडाकडे टक लावून बघत होता.

त्याच आठवड्यात चारुदत्तची नोकरी गेली. तो दिवसभर घरात बसायला लागला, दुपारचं येणं बंद झालं, आणि अथर्वचं बोलणंही. आधी मराठी, इंग्रजी, झेनेबेचचे शब्द, सगळं मिसळून अखंड बडबडणारं मूल आता नुसतं ओठ हलवायचं, आणि कुणी फार मागे लागलं तर घशातून काहीतरी ओलसर पुटपुटायचं. डॉक्टर म्हणाले, घरातलं टेन्शन मुलांना कळतं. बानूने ती पुटपुट कॉरिडॉरमध्ये पहिल्यांदा ऐकली तेव्हा तिच्या हातातून भाजीची पिशवी सुटली होती. तेव्हापासून रोज ती स्वतःला डॉक्टरांचं वाक्य ऐकवत होती.

त्या शनिवारी रफिक चहा घेऊन ओट्याशी आला आणि त्याने पुडी पाहिली. बानूने त्याला अनुराधाने सांगितलेलं सगळं सांगितलं. आपलं तेवढं सांगितलं नाही. त्याने गुंता दोन बोटांत उचलून उजेडाकडे धरला. "त्या हबशिणीचेच आहेत," तो म्हणाला, पुडीत टाकला आणि नळाखाली साबण लावून हात धुतले, नखांपर्यंत. बानू त्याच्या हातांवरच्या फेसाकडे बघत राहिली. तो सांगत होता की या भानगडीत पडू नकोस, इथे सिहरच्या केसमध्ये नाव आलं की व्हिसा गेला, आमच्याकडे रोज कुणीतरी टेबल रिकामं करून जातंय, आपण डोकं खाली घालून राहायचं. पुडी परत दे, आम्हाला यातलं काही कळत नाही म्हण, खलास. तो चिडून बोलत नव्हता. घाबरून, समजुतीने बोलत होता, म्हणून त्याला उत्तर देणं अवघड होतं.

दुपारच्या सुमारास एजंट याकूब आला. हा मूळचा दापोलीकडचा, रोल्लात त्याचं ऑफिस. बिल्डिंगमधल्या निम्म्या मोलकरणी त्यानेच आणलेल्या. बानूने त्याचा आवाज ऐकला आणि पुडी उचलून ती समोर गेली. आपण काय करणार आहोत हे तिला माहीत नव्हतं. दार उघडंच होतं. आत एसी इतका गार होता की घामेजल्या अंगावर काटा आला. चारुदत्त दाढी वाढलेला, घरातच असूनही ऑफिसचा शर्ट घातलेला. अनुराधा अथर्वला मांडीत घट्ट धरून. आणि किचनच्या दाराशी झेनेबेच. तिच्या डोक्याच्या एका बाजूचे केस मुळापासून कापलेले होते. कात्री डायनिंग टेबलावर होती, आणि तिच्याशेजारी टिश्यूवर कापलेली बट. जुळवून बघायला कापली, अनुराधा म्हणाली. कुणी काही विचारलं नव्हतं तरी म्हणाली. बानूने पुडी तिथेच ठेवली. दोन्ही शेजारी शेजारी पडले आणि खरंच, फरक करता येत नव्हता. झेनेबेचने बानूकडे पाहिलं नाही. ती जमिनीकडे बघत होती आणि तिचे ओठ बंद होते, इतके घट्ट की जणू आत काही सांभाळून ठेवलंय.

याकूब म्हणत होता की पोलिसात गेलं तर पोरगी आत जाईल, बरेच महिने जातील, तुम्हालाही चकरा माराव्या लागतील. चारुदत्त म्हणाला, जाऊ दे आत. तो बोलताना हसल्यासारखं करत होता. कित्येक आठवड्यांनी त्याला काहीतरी ठरवायला मिळालं होतं.

"ते केस माझे आहेत," बानू म्हणाली.

कुणाला कळलंच नाही. अनुराधा तिच्या डोक्याकडे बघत राहिली. ओढणीखालून सकाळी इस्त्री केलेले सरळ, चकाकते केस खांद्यावर आले होते. भाभी, तिला वाचवायला काहीही बोलू नका, ती म्हणाली, जरा कीव करत. तेव्हा बानूने ओढणी काढून खुर्चीवर टाकली, झेनेबेचच्या बाजूने किचनमध्ये गेली आणि सिंकमध्ये वाकून डोकं नळाखाली धरलं. टाकीतलं पाणी उन्हाने कोमट झालेलं होतं. ते कानांत, नाकात, कुडत्याच्या आत उतरलं. आणि त्या पाण्याच्या आवाजात तिला कसलीच घाई वाटेना. इथेच असं वाकून राहावं असं वाटलं. नळ बंद करून ती सरळ झाली तेव्हा केस आक्रसायला लागलेच होते. पाठीवरून खांद्यांवर, खांद्यांवरून कानांपर्यंत, एकेक बट स्वतःभोवती वळत वर चढत होती, जिवंत असल्यासारखी. ती तशीच ठिबकत हॉलमध्ये आली. रफिक दारात येऊन उभा होता. तो तिच्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. परक्या घरात चुकून शिरल्यासारखा तो उभा होता.

बानूने सांगितलं. दुपारचं येणं, वेण्या, खिशातला गुंता, अथर्वने तो गालाशी धरून झोपणं, सगळं तिने नीट, एकामागून एक सांगितलं. साधी गोष्ट होती. पण सांगता सांगताच तिला दिसलं की कुणी ऐकत नाहीये. अनुराधा सोफ्यावर मागे मागे सरकत होती आणि तिने तळव्याने अथर्वचे डोळे झाकले होते.

"म्हणजे तुम्ही," ती म्हणाली. पुढे काही नाही. भाभी नाही.

याकूबने घसा साफ केला. धंद्यातला माणूस, त्याला लगेच कळलं की केस पोरीचे नाहीत तर केस उभी राहत नाही, आणि शेजारच्या फॅमिलीवर बोट दाखवायची चारुदत्तची छाती नाही. पोरीला मी नेतो, तो म्हणाला, दुसरं घर बघेन, नाहीतर परत पाठवेन. चारुदत्तने कात्री उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली. झेनेबेचला सामान बांधायला फार वेळ लागला नाही.

बानू लिफ्टपाशी थांबली होती, केसांतून पाणी गळत. तिला काहीतरी हवं होतं. आभार नव्हे, पण एकदा बघणं तरी. याकूबने बटण दाबलं. झेनेबेचने बॅग खाली ठेवली, कपाळाला बांधलेल्या रुमालाखालून तिच्याकडे सरळ पाहिलं, आणि एक पाऊल मागे घेतलं. त्या नजरेत बानूला जे दिसलं ते तिने थोड्याच वेळापूर्वी अनुराधाच्या नजरेत पाहिलं होतं.

"मदाम, वो कहानी बच्चा के सामने क्यूं बोला?" झेनेबेच हळू आवाजात म्हणाली. "तुम बोला, बच्चा चुप हो गया. मेरेको मालूम था. मैं किसीको नहीं बताया." मग तिने गळ्यातला दोरा मुठीत धरला, लिफ्टमध्ये शिरली आणि दार बंद होईपर्यंत तिच्याकडे पाठ करून उभी राहिली. म्हणजे कोंडलेल्या खोलीत, कात्रीखाली, सबंध सकाळ ती गप्प राहिली होती ती बानूसाठी. तिचं म्हणणं खरं धरलं तर, एका चेटकिणीसाठी. काही दिवसांनी याकूबने फोनवर सांगितलं की दुसरं घर नको म्हणाली, तिला आदिसच्या विमानात बसवून दिलं.

पुढचं सगळं फार झगडा न होता झालं. अनुराधा आणि चारुदत्त मुलाची परीक्षा वगैरे नसल्याने मार्चमध्येच पुण्याला निघून गेले. जाताना बेल वाजली नाही. मग कुणाकडून तरी आलं की अथर्व विमानातच बोलायला लागला, समुद्र ओलांडता ओलांडता, आणि पुण्यात उतरेपर्यंत थांबलाच नाही. ते ऐकून बानूला आनंद झाला आणि त्याच क्षणी कळलं की आता आपलं काही खरं नाही. लिफ्ट थांबली की आतल्या बायका मोबाइलमध्ये बघायच्या. मुलांना हाताने मागे घ्यायच्या. रफिकच्या ऑफिसात आणखी माणसं गेली, त्याच्या शेजारचं टेबल रिकामं झालं, त्याच्या बॉसचं झालं, तो राहिला. तेही बिल्डिंगमध्ये मोजलं गेलं. जेवताना ताट पुढे आलं की रफिक क्षणभर थांबून मग घास घ्यायला लागला, आणि ते त्याचं त्याला ठाऊकही नसावं. इस्त्री तिने त्या दिवसापासून केली नव्हती. कशफ एक दिवस शाळेतून आली आणि बूट न काढता तिच्यासमोर उभी राहिली. बसमध्ये तिच्या शेजारी कुणी बसत नव्हतं. "मम्मा, इज इट ट्रू?" तिने विचारलं. काय, असं बानूने विचारलं, तर म्हणाली, "दॅट यू कॅन डू थिंग्ज." भीती होती तिच्या आवाजात, पण भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं, आशेसारखं. बानूने नाही म्हटलं. म्हटलं खरं, पण उत्तर द्यायला तिला जो वेळ लागला तो मुलीने ऐकला.

उन्हाळ्यात रफिकला कंपनीने रुवैसला पाठवलं, रिफायनरीच्या कामावर, आणि कंपनीच्या क्वार्टरमध्ये ते राहायला गेले. एका बाजूला वाळू, एका बाजूला समुद्र, आणि मध्ये दिवसरात्र जळणाऱ्या ज्वाला. इथे आपल्याला कुणी ओळखत नाही, असं बानूला पहिले काही दिवस वाटलं, आणि त्या वाटण्यात सुटकेबरोबर एक रिकामपणही होतं. आरशात आपण नसल्यासारखं. मग एका संध्याकाळी, मगरिबच्या बांगेनंतर, दारावर कुणीतरी टकटक केलं. बेल असून टकटक. पलीकडच्या ब्लॉकमधली सुजाता होती, नाशिकची, नवरा मेंटेनन्समध्ये. दोघींची ओळख दुकानातल्या रांगेत हसण्यापुरती. तिने ओढणी डोक्यावरून ओढून घेतली होती, जी ती एरवी घेत नसे, आणि तिच्या मुठीत काहीतरी होतं.

तिने इकडेतिकडे पाहिलं. शारजाहून एक मैत्रीण फोन करते, ती म्हणाली, तिने तुमच्याबद्दल सांगितलं. ह्यांच्या डिपार्टमेंटमधल्या चौघांच्या नोकऱ्या जाणार आहेत. मग तिने मूठ उघडली. पुरुषाच्या कोटाचं एक बटण होतं, दोरा लोंबत असलेलं. हे ह्यांच्या साहेबांचं, ती म्हणाली. पार्टीत, कोटावरून हळूच तोडलं. तिचे डोळे बानूच्या केसांवर होते.

"मला कुणाचं वाईट करायचं नाहीये, ताई," ती म्हणाली. "फक्त ह्यांचं राहू दे."

नाही म्हणायला हवं होतं. मला काही येत नाही, लोक काहीही बोलतात, असं म्हणून तिला आत बसवून चहा द्यायला हवा होता. ते शब्द बानूला माहीत होते. कितीतरी वेळा ते तिने मनात लावून ठेवले होते. पण समोरच्या बाईची भीती तिच्यापर्यंत ऊबेसारखी येत होती. ती मूठ तिच्याकडे आली होती, दुसऱ्या कुणाकडे नाही. मागच्या खोलीत कशफचा अभ्यासाचा आवाज बंद झाला होता. ती ऐकत होती. बानूने सुजाताच्या तळव्यावरचं बटण उचललं. ते घामाने ओलं आणि गरम होतं.

"आत ये," ती म्हणाली, "आणि दार लाव."